गोदाम आले मलाक्क्याहून

नांदेडच्या नव्या मोंढ्यात हळदीचा लिलाव होतो, लातूरच्या बाजारात तुरीचा. सौदा पटला की पोती गोदामात जातात, दाराला कुलूप लागते आणि चावी आडत्याच्या खिशात जाते. यातले कुलूप अरबी-फारसीकडचे, तर लिलाव आणि चावी थेट पोर्तुगीज. मराठवाड्यावर पोर्तुगीजांचे राज्य कधीच नव्हते. १९४८पर्यंत इथे निजामाचा अंमल होता. तरी किनाऱ्यावरचे हे शब्द व्यापाराबरोबर घाट चढून आले.

गोदामाने मात्र त्याआधी समुद्रही ओलांडला होता.

पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतला आणि पुढच्याच वर्षी मलाक्का. गुजराती, तमिळ, चिनी, जावाचे असे सगळे व्यापारी मलाक्क्याच्या बंदरात भेटत, आणि त्यांची देवघेवीची भाषा होती मलय. माल साठवण्याच्या जागेला मलयात म्हणतात ‘गुदांग’. पोर्तुगीजांनी त्यातला शेवटचा ‘आंग’ आपल्या नाकातल्या ‘आँव’मध्ये बसवला आणि शब्द झाला ‘गुदाँव’. उलट्या दिशेनेही नेमके हेच घडले, आणि ध्वनिशास्त्राची खरी गंमत इथे आहे. पोर्तुगीज ‘लेइलाँव’ मलयात शिरताना ‘लेलांग’ झाला. इंडोनेशियात आजही लिलावाला लेलांगच म्हणतात. मराठीने त्याच ‘लेइलाँव’मधला अनुनासिक गाळून ‘लिलाव’ केला, जसा ‘पाँव’चा पाव. ‘गुदाँव’मध्ये मात्र तो ‘म’ होऊन टिकला.

इंग्रजांनी ‘गुदाँव’चे ‘गोडाऊन’ केले. म्हणून मोंढ्यात हमाल गोदाम म्हणतो, ट्रकवाला गोडाऊन. एकच शब्द दोन वाटांनी पोचलेला.

उपवासाच्या साबुदाण्यातला ‘साबू’ही मुळात मलय ‘सागू’. तो त्या नावाच्या ताडवर्गीय झाडाच्या खोडातला पिठूळ गर. पोर्तुगीजांमार्फत युरोपात त्याचा ‘सागो’ झाला. आपला आजचा साबुदाणा मात्र कसाव्याच्या कंदाचा, बराचसा तमिळनाडूतल्या सेलमकडून येणारा.

अशा शब्दांचा माग काढण्यात गोव्याच्या आसगावात जन्मलेले सेबास्तियाँव रोदोल्फो दालगादो यांनी आयुष्य वेचले. आशियाई भाषांवरील पोर्तुगीज प्रभावाचा त्यांचा ग्रंथ १९१३ साली आला. मराठी वाचकांना हे नाव फारसे माहीत नसावे, याची खंत वाटते.

मलय ‘गुदांग’ही बहुधा दक्षिण भारतातूनच तिकडे गेला, असे अभ्यासक मानतात. तमिळमध्ये ‘किडंगु’ आहे, तेलुगूत ‘गिड्डंगी’. नांदेड जिल्ह्यातले धर्माबाद ओलांडले की तेलंगण लागते, आणि तिथे धान्याच्या कोठाराला आजही गिड्डंगी म्हणतात.