कुठली हवा कुठे भेटली

पोरांनो, ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला की वाण नाही पण गुण लागतो, ही म्हण हवेलाही लागू पडते. हवा जिथं बरेच दिवस मुक्काम करते, तिथला गुण घेते. अरबी समुद्रावर रेंगाळली की दमट आणि उबदार, वाळवंटावर रेंगाळली की कोरडी, मध्य आशियाच्या बर्फाळ मुलखातून आली तर कोरडी आणि गारठलेली. शेकडो-हजारो किलोमीटर पसरलेल्या अशा एकाच गुणाच्या हवेला वायुराशी म्हणतात.

गंमत पुढेच आहे. दोन वायुराशी समोरासमोर आल्या तर लगेच मिसळत नाहीत, त्यांच्यात सीमा पडते. विमानवाले तिला फ्रंट म्हणतात. थंड हवा जड, म्हणून ती जमिनीलगत सरकत गरम हवेच्या खाली शिरते आणि तिला वर उचलते. वर गेलेली हवा निवते, तिच्यातल्या वाफेचे ढग होतात. ही सीमा सरळ उभी नसते, चांगलीच कललेली असते. असा थंड फ्रंट जमिनीवर जिथं टेकलाय तिथून शंभर किलोमीटर मागे गेलात, तरी ती जेमतेम एक-दोन किलोमीटर उंच असते.

हे ओळखलं नॉर्वेतल्या बर्गेनच्या बर्कनेस पिता-पुत्रांनी, १९१८-१९च्या सुमारास. शेतकऱ्यांना आणि कोळ्यांना अंदाज देता यावा म्हणून त्यांनी किनाऱ्यावर जागोजागी निरीक्षणं घेतली. ती नकाशावर मांडली तेव्हा या सीमेची रेघ दिसली.

आपल्या नाशिकजवळच्या ओझरला मिग आणि सुखोई विमानं बांधली गेली, नाशिकच्याच गांधीनगरला लष्कराचे वैमानिक हेलिकॉप्टर उडवायला शिकतात. वैमानिकांना या रेघेची फार काळजी. ती ओलांडून गार बाजूला गेलं की वारा एकदम दिशा बदलतो, तापमान आणि दवबिंदू (हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं ते तापमान) घसरतात. हवेचा दाबही बदलतो, आणि विमानातला उंचीमापक खरं तर दाबच मोजत असतो. समजा वैमानिक कमी दाबाकडे निघालाय, दाब १० हेक्टोपास्कलने उतरला आणि त्याने काट्याची जुळणी बदलली नाही. मग काटा उंची ८०-९० मीटर जास्त दाखवणार! ढगात, सह्याद्रीच्या डोंगरांवर, ही चूक जिवावर बेतते. म्हणून उतरण्याआधी प्रत्येक वैमानिक विमानतळाकडून ताजा दाब विचारून घेतो.

आता आपल्या नाशिकचं. भूमध्य समुद्राकडून निघालेले पश्चिमी झंझावात हिवाळ्यात काश्मीर-हिमाचलवर बर्फ पाडतात. त्यांचे खरे फ्रंट आपल्यापर्यंत येईतो बहुधा विरतात, पण त्यांच्या मागची कोरडी, गार हवा उत्तरेकडून खाली उतरते. मग जिल्ह्यातल्या निफाडचा पारा कधी ५ अंशांच्याही खाली जातो. द्राक्षाच्या मण्यांची फुगवण थांबते, तयार मणी तडकतात. पहाटे बागांतून शेकोट्या पेटतात, धूर वेलींखाली धरून ठेवतात, ठिबकचं पाणी सोडतात. पाणी जमिनीतली ऊब राखतं. शेतकऱ्याची ही जुनी युक्ती मला मोठ्या विज्ञानाच्या तोडीची वाटते.

जानेवारी २०२२मध्ये तर अशाच एका झंझावातामागच्या वाऱ्याने पाकिस्तानच्या किनाऱ्याकडची धूळ उचलून थेट मुंबईत आणली. आभाळ पांढुरकं झालं, भर दुपारी गारठा पडला.

आणि गारा? वर पश्चिमेची गार, कोरडी हवा आणि खाली समुद्रावरून आलेली दमट हवा, अशी गाठ पडली की ढग दहा-बारा किलोमीटर उंच चढतात. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रभर हेच झालं, आणि २६ नोव्हेंबर २०२३ला निफाड तालुक्यात. मोठी गार कापून पाहिलीत तर आत काचेसारखे आणि दुधाळ असे एकाआड एक थर दिसतात. ढगातल्या वेगवेगळ्या भागांतून जाताना तिच्यावर हे थर चढत जातात. असा ढग दिसला की वैमानिक ३०-३५ किलोमीटर लांबून वळसा घेतो. बागेला मात्र हलता येत नाही.

म्हणून तुम्हाला एक काम सांगतो. येत्या जानेवारीत काश्मीरला बर्फ पडल्याची बातमी आली की वहीत तारीख लिहा. नंतर तीन-चार दिवस रोज सकाळी वारा कुठून येतो आणि पारा किती, हे टिपून ठेवा.