नळ का गोठतात?



ग्वाल्हेरची थंडी कडाक्याची असली तरी आपल्याकडे नळ गोठत नाहीत. श्रीनगरमध्ये मात्र २१ डिसेंबरपासून ‘चिल्ला-ए-कलान’ हा कडक थंडीचा चाळीस दिवसांचा काळ सुरू होतो व घरोघरचे नळ गोठतात. सुट्ट्यांत थंड प्रदेशात जाणाऱ्यांनी आणि नोकरीनिमित्त तिकडे राहणाऱ्यांनी यामागील विज्ञान समजून घ्यावे.

बहुतेक पदार्थ गोठताना आकुंचन पावतात. पाणी मात्र बर्फ होताना सुमारे ९ टक्के प्रसरण पावते. पाइपात बर्फाचे बूच बसले की ते व बंद नळ यांच्यामध्ये पाणी कोंडते. बर्फ वाढत जातो, तसा कोंडलेल्या पाण्याचा दाब वाढतो आणि पाइप फुटतो. गळती बहुधा बर्फ वितळल्यावरच दिसते.

उपाय सोपे आहेत. उघड्या पाइपांना फोम किंवा गोणपाट गुंडाळून वर प्लास्टिक बांधावे; भिजलेले गोणपाट निरुपयोगी ठरते. रात्री नळाची बारीक धार चालू ठेवावी, म्हणजे दाब साचत नाही. घर बंद करून जाताना मुख्य व्हॉल्व्ह बंद करून पाइप रिकामे करावेत.

नळ गोठलाच, तर तो उघडा ठेवावा व नळाच्या बाजूने सुरुवात करून गरम पाण्यात भिजवलेल्या कापडाने पाइप शेकावा. जाळ कधीही लावू नये. घराला आग लागू शकते. तसेच बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपू नये. कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो. झोपेतच जीव जातो. फुटलेला पाइप बदलता येतो, एवढे सर्वांनी ध्यानात ठेवावे.

– प्राचार्य