घरच्या आर्केड मशीनची बटणं कुठे बसवावीत?

व्हिडिओ गेम पार्लरमधला ‘मुस्तफा’ आठवतो? कॅपकॉमचा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ (१९९३) आपल्याकडे त्यातल्या एका पात्राच्या नावानेच गाजला. वार आणि उडी, एवढ्या दोन बटणांवर तो चालतो. ‘स्ट्रीट फायटर २’ला (१९९१) मात्र सहा लागतात: वर तीन ठोशांची, खाली तीन लाथांची. म्हणून अकोले तालुक्यात घरी असं मशीन बांधायचं मनात असेल, तर आधी खेळ ठरवा, मग भोकं.

सहा बटणं घेतलीत तर दोन्ही खेळ भागतात. डाव्या हाताला जॉयस्टिक, उजव्याला बटणं. पण ती सरळ रेषेत नकोत. पुठ्ठ्यावर पंजा सैल ठेवून बोटांची टोकं पेन्सिलीने खुणावा. मधलं बोट पुढे जातं, तर्जनी मागे राहते. ओळीला तोच बाक द्या, मनगट दुखणार नाही. जपानी पद्धतीच्या मोठ्या बटणाला ३० मिलिमीटरचं भोक लागतं. दोन भोकांच्या मध्यांत साधारण ३६ मिलिमीटर ठेवा. स्टार्टचं बटण वरच्या कडेला, हात चुकून पडणार नाही असं.

तालुक्यात भंडारदरा-घाटघरकडे पावसाळ्यात घरात ओल असते, साधा प्लाय फुगतो. वॉटरप्रूफच घ्या. १८ मिलिमीटरच्या फळीत खटक्याची बटणं धरत नाहीत, लांब आट्यांची नटवाली लागतात. भोक पाडताना फळीखाली टाकाऊ लाकूड घट्ट दाबून ठेवा, नाहीतर खालून ढलप्या उडतात.

फळी सुताराकडे नेण्याआधी जाड पुठ्ठ्यातच बटणं बसवा आणि घरातल्या लहानांनाही खेळवून पाहा.