‘सल्ट्री’ म्हणजे नुसता उकाडा नव्हे

मे महिन्यात इंग्रजी वर्तमानपत्रांत ‘सल्ट्री’ हा शब्द हमखास दिसतो. आपण त्याचा अर्थ ‘उकाडा’ असा लावतो आणि पान उलटतो. पण या शब्दाचे कूळ पाहण्यासारखे आहे. तो ‘स्वेल्टर’पासून, म्हणजे उकाड्याने कासावीस होण्यापासून आला. ‘स्वेल्टर’चे मूळ जुन्या इंग्रजीतील ‘स्वेल्टन’ या क्रियापदात आहे. त्याचा अर्थ मरणे!

शरीरशास्त्रही हेच सांगते. घाम नुसता येऊन उपयोग नसतो, तो वाळावा लागतो. एक लिटर घामाची वाफ होताना शरीरातील सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. हवा दमट असेल तर घाम वाळत नाही, नुसता निथळतो. पाणी आणि मीठ जाते, उष्णता मात्र आतच राहते.

म्हणूनच हवामान खाते उष्णतेची लाट ठरवताना मैदानी भागात किमान ४० अंश, तर किनारपट्टीवर ३७ अंश कमाल तापमान धरते. शिवाय ते सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी जास्त असावे लागते. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या कार्यक्रमानंतर उष्माघाताने १४ जणांचे प्राण गेले. त्या दिवशी पारा ३८ अंशांच्या आसपास होता.

भिवंडीत धोका छपराखालीही असतो. सूत तुटू नये म्हणून यंत्रमागांना दमट हवा मानवते, माणसाला नाही. त्यात वरती पत्रा आणि शेजारी तापलेली यंत्रे. ‘डॉक्टर, मी उन्हात गेलोच नव्हतो,’ असे कारागीर सांगतात. ‘ऊन लागणे’ या आपल्या शब्दप्रयोगाने इथे फसगत होते. ‘उष्माघात’ हा शब्द अधिक नेमका. आघात उष्म्याचा असतो, तो सावलीतही होतो.

कामावरचा माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला किंवा बेशुद्ध पडला, तर तो उष्माघातच समजा. अंगाला घाम असला तरीही! १०८ला फोन करा. रुग्णवाहिकेची वाट पाहत बसू नका. कपडे सैल करा, अंगावर गार पाणी ओता, पंखा लावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. तापाची गोळी इथे कामाची नाही.

शुद्धीवर असलेल्यांनी तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे, दर तासाला थोडी विश्रांती घ्यावी. जुन्या इंग्रजांनी या हवेला मरणाचे नाव उगाच दिले नव्हते.