पात्यांखाली गालिचा!

तळाला लांब पोलादी पातं असलेले, बर्फावर घसरायचे बूट पाहिलेत ना? ते बूट घालून जमिनीवर चालायचं, एवढ्याशा कामासाठी नेदरलँड्समध्ये एक अख्खं क्रियापद आहे: 'क्ल्यूनेन'! त्यातला 'यू' गमतीचा. ओठ 'ऊ' म्हणताना करतो तसे गोल ठेवा आणि 'ई' म्हणा. जमलं?

पण असं चालायची वेळ येतेच का? तिथल्या फ्रीसलंड प्रांतात अकरा शहरांमधून जाणारी, सुमारे 200 किलोमीटरची स्केटिंगची शर्यत असते. कालव्यांवर 15 सेंटीमीटर जाड बर्फ जमला, तरच ती होते. म्हणून 1909 ते 1997 या काळात ती फक्त 15 वेळा झाली! पुलाखालचा बर्फ मात्र पातळच राहतो, कारण वरच्या पुलामुळे रात्री पाण्यातली उष्णता उघड्या आकाशाकडे निसटत नाही. मग स्पर्धक काठावर चढतात, तुरुतुरु चालतात आणि पुढे पुन्हा बर्फावर उतरतात. दगडांनी पात्यांची धार जाऊ नये म्हणून वाटेवर चक्क गालिचे अंथरतात. 'क्ल्यूनेन' हा शब्द मूळचा तिथल्या फ्रीजियन भाषेतला. शर्यतीमुळे तो साऱ्या डच, म्हणजे नेदरलँड्सच्या, लोकांच्या तोंडी बसला.

आता हे क्रियापद डच भाषेत चालवून पाहू. 'इक क्ल्यून' म्हणजे मी चालतो. मुलगी बोलली तरी 'इक क्ल्यून'च; आपल्यासारखं चालतो-चालते नाही. तो किंवा ती असेल तर 'क्ल्यून्ट', आपण सगळे असू तर 'क्ल्यूनेन'. काल चाललो असेन तर 'क्ल्यूनडे'.

पण स्केटिंग करणे म्हणजे 'स्खात्सेन', त्याचा भूतकाळ मात्र 'स्खात्सटे'. एकीकडे 'डे', दुसरीकडे 'टे', असं का? गळ्यावर बोट ठेवा. 'न्न्न' म्हणा. गळा थरथरला? आता 'स्स्स' म्हणा. गळा गप्प! मूळ धातूच्या शेवटी थरथरणारा आवाज असेल तर 'डे' लागतो, गप्प आवाज असेल तर 'टे'. गप्प आवाज लक्षात राहावेत म्हणून डच मुलं 'ट कॉफस्खिप' हा शब्द पाठ करतात. कॉफस्खिप म्हणजे एक जुन्या पद्धतीचं शिडाचं जहाज. ट, क, फ, स, ख, प, सगळे त्या जहाजात बसलेत बघा!

आता एक तुमच्यासाठी. 'स्पेलेन' म्हणजे खेळणे, धातू 'स्पेल'. काल खेळलो हे सांगायला 'टे' लावाल की 'डे'? गळ्यावर बोट ठेवा आणि 'ल्ल्ल' म्हणून पाहा.