मधुमेहातील नियतकालिक तपासणी आणि तिची भाषा

‘तीन महिन्यांनी दाखवा’ हे वाक्य मधुमेहाच्या रुग्णाच्या कानी वारंवार पडते. व्याकरणदृष्ट्या ते निर्दोष असले, तरी अर्थदृष्ट्या संदिग्ध आहे. कालवाचक नामाला लागणारा ‘-नी’ हा प्रत्यय मराठीत मुख्यतः एका कालखंडाचा शेवट दाखवितो. ‘चार दिवसांनी पाऊस आला’ याचा अर्थ चार दिवस लोटल्यावर पाऊस एकदा आला, इतकाच होतो. पुनरावृत्ती सांगावयाची झाल्यास मराठी भाषक ‘दर’ हा शब्द योजतो किंवा संख्येची द्विरुक्ती करून ‘तीनतीन महिन्यांनी’ असे म्हणतो. वैद्याच्या मनात बहुधा ‘दर’ गृहीत असतो. रुग्णाला मात्र एका भेटीचे निमंत्रण ऐकू येते. ती भेट झाली, आकडा ठीक निघाला, की त्याच्या दृष्टीने आज्ञेचे पालन पूर्ण होते. हा भेद केवळ व्याकरणाच्या तासापुरता असता, तर त्याची चर्चा येथे करण्याचे कारण नव्हते. परंतु ज्या रोगात हानी निःशब्दपणे होत असते, त्या रोगात ‘दर’ या एका शब्दाच्या लोपाची किंमत डोळ्याने किंवा पायाने मोजावी लागू शकते.

या वाक्यातील क्रियापदही विचार करण्याजोगे आहे. ‘डॉक्टरांना दाखविणे’ या प्रयोगात कर्म सहसा अध्याहृत असते. काय दाखवावयाचे? जे दुखते, सुजते, वाहते ते. म्हणजेच दाखविण्याजोगे काही आहे, हे या क्रियापदाचे पूर्वगृहीत होय. मधुमेहात, विशेषतः प्रौढवयात उद्भवणाऱ्या दुसऱ्या प्रकारात, वर्षानुवर्षे दाखविण्याजोगे काहीच नसते. दृष्टिपटलावरील सूक्ष्म रक्तवाहिन्यांत बिघाड बराच पुढे जाईपर्यंत दृष्टी उत्तम राहू शकते. मूत्रपिंडातून अल्ब्युमिन हे प्रथिन पाझरू लागले, तरी आरंभी ते रुग्णाला जाणवत नाही. पायाच्या नसा बधिर होतात, तेव्हा तर वेदना नाहीशी होते, आणि वेदना नसणे हेच लोकव्यवहारात आरोग्याचे लक्षण मानले जाते. अशा रुग्णाने ‘दाखविण्यासारखे काही झाले की जाऊ’ असे ठरविले, तर भाषेच्या तर्काला अनुसरूनच तो वागत असतो.

रोगाच्या नावांचा इतिहासही येथे उद्बोधक ठरतो. आयुर्वेदाने प्रमेहाचे वीस प्रकार मानले: दहा कफज, सहा पित्तज आणि चार वातज. मधुमेह हा त्या चार वातज प्रकारांपैकी एक. ‘मिह्’ या धातूपासून साधलेल्या ‘मेह’ शब्दात मूत्रविसर्जनाचा आणि ‘मधु’ शब्दात गोडीचा निर्देश आहे. म्हणजे हे नाव लक्षणावरून पडले. आधुनिक मराठीने एका उपप्रकाराचे हे नाव संपूर्ण रोगास दिले, हा अर्थविस्तार झाला. त्यानंतर बोलीत रूढ झालेला ‘शुगर’ हा शब्द मात्र वेगळ्या जातीचा आहे. ‘मला शुगर आहे’ या वाक्यात मापनाचे नाव रोगाला दिलेले आहे. लक्षणा म्हणून हा प्रयोग सुबोध असला, तरी त्यातून निघणारे अनुमान घातक आहे. शुगर म्हणजे रोग, आणि शुगर ‘नॉर्मल’ आली. तेव्हा रोग गेला! गोळ्या थांबविणाऱ्या आणि भेटी सोडणाऱ्या कित्येकांच्या तर्काचा सांगाडा एवढाच असतो.

आता तीन महिने हीच मुदत का, हा प्रश्न उरतो. ती कोणा संस्थेच्या सोयीसाठी पडलेली नाही. तिचे मूळ रक्तात आहे. रक्तातील ग्लुकोज तांबड्या पेशींतील हीमोग्लोबिनला सावकाश चिकटत जाते. रक्तात साखर जितकी अधिक, तितके हे प्रमाण अधिक. ती पेशी सुमारे १२० दिवस जगते आणि तोपर्यंत हा ठसा वागविते. या शर्करायुक्त हीमोग्लोबिनचे प्रमाण मधुमेही रुग्णांत वाढलेले असते, हे सॅम्युएल राहबर यांनी १९६८ साली तेहरान येथे दाखविले. ‘एचबीएवनसी’ या नावाने आज परिचित असलेली, आणि मराठी घरांत ‘तीन महिन्यांची शुगर’ म्हणून ओळखली जाणारी, चाचणी ती हीच. (लोकांनी केलेले हे नामकरण शास्त्रीय नावापेक्षा अधिक अर्थवाही आहे, हे मान्य करावयास हवे.) तथापि ही सरासरी समभार नाही. चाचणीपूर्वीच्या शेवटच्या महिन्याचा वाटा तिच्यात निम्म्याच्या आसपास असतो. औषध बदलल्यावर तीनच आठवड्यांनी ही चाचणी केली, तर जुन्या आणि नव्या काळाचे मिश्रण हाती येते. तीन महिन्यांनी केली, तर बदलाचा निकाल स्पष्ट दिसतो. रक्त तपासण्यापूर्वी चार दिवस गोड वर्ज्य करून उपाशीपोटीची साखर उत्तम आणणारे रुग्ण पुष्कळ असतात. परीक्षेच्या आदल्या रात्री केलेल्या अभ्यासासारखीच ही युक्ती होय, आणि या चाचणीपुढे ती फारशी चालत नाही.

यावरून सर्वसाधारण नियम असा निघतो. ज्याचे उपचार नुकतेच बदलले आहेत, किंवा ज्याची साखर ठरविलेल्या मर्यादेत आलेली नाही, त्याची ही चाचणी दर तीन महिन्यांनी व्हावी. ज्याचे नियंत्रण स्थिर आहे, त्याची वर्षातून निदान दोनदा. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनचे मार्गदर्शन असेच आहे, आणि ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेचे मार्गदर्शनही त्याहून फारसे निराळे नाही. इन्सुलिन नव्याने सुरू झालेल्या रुग्णाला मात्र तीन महिने सोडून देता येत नाही. मात्रा बसेपर्यंत त्याच्याशी दिवसांच्या किंवा आठवड्यांच्या अंतराने संपर्क लागतो. गर्भवती मधुमेही स्त्रीशी दर एक ते दोन आठवड्यांनी संपर्क असावा, असे ‘नाइस’ सांगते.

स्थिर रुग्णाला सहा महिने पुरतात, हे केवळ अनुमान नव्हे. नेदरलँड्समध्ये सामान्य डॉक्टरांकडे जाणाऱ्या, नियंत्रण उत्तम असलेल्या रुग्णांची तीन-मासिक व सहा-मासिक देखरेख प्रयोगपूर्वक ताडून पाहण्यात आली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत दोन्ही पद्धती परिणामांत तुल्य ठरल्या आणि सहामाही पद्धतीत खर्च वाचला. याच्या उलट, बॉस्टन येथील २०११ च्या एका अभ्यासात नियंत्रण बिघडलेल्या रुग्णांचा विचार होता. त्यांपैकी इन्सुलिन न घेणाऱ्यांत, एक-दोन आठवड्यांनी डॉक्टरांशी गाठ पडणाऱ्यांची एचबीएवनसी सातच्या खाली येण्यास मध्यमानाने ४.४ महिने लागले. तीन ते सहा महिन्यांनी गाठ पडणाऱ्यांस २४.९. हा अभ्यास निरीक्षणात्मक असल्याने वारंवार येणारे रुग्ण मुळातच अधिक दक्ष असतील, ही शंका राहतेच. तरीही दोन्ही निष्कर्षांत विरोध नाही. एकाच रोगासाठी एकच अंतर सर्वांना लावणे चूक, एवढे त्यांतून दिसते.

याशिवाय काही तपासण्यांचे चक्र साखरेच्या आकड्याशी बांधलेले नसते. मूत्रातील अल्ब्युमिन, मूत्रपिंडाची कार्यक्षमता आणि पायांची सविस्तर परीक्षा ही वर्षातून एकदा व्हावीत; पायाची संवेदना गेलेली असेल, किंवा पूर्वी व्रण झालेला असेल, तर पाय प्रत्येक भेटीत पाहिले जावेत. रक्तदाब तर प्रत्येक वेळी मोजावयाचाच. दृष्टिपटलाच्या बाबतीत एक लक्षणीय भेद केला जातो. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात ही तपासणी निदानानंतर पाच वर्षांच्या आत सुरू करावी, दुसऱ्या प्रकारात निदान होताच करावी. कारण उघड आहे. पहिल्या प्रकाराचा आरंभ बहुधा ठळक असतो, तर दुसऱ्या प्रकारात निदानाची तारीख ही रोगाची जन्मतारीख नसते. तो त्यापूर्वी कित्येक वर्षे देहात वावरत असतो. पुढे ही तपासणी साधारणतः वर्षाला एकदा होते. ज्यांचे डोळे लागोपाठ दोन तपासण्यांत निर्दोष आढळले, त्यांच्यासाठी इंग्लंडने ऑक्टोबर २०२३ पासून हे अंतर दोन वर्षांचे केले आहे.

महाराष्ट्रापुरत्या दोन गोष्टी स्वतंत्रपणे नमूद केल्या पाहिजेत. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागांत सिकलसेल आजार आढळतो. त्यात तांबड्या पेशी अल्पायुषी असल्यामुळे त्यांच्यावर साखरेचा ठसा उमटण्यास पुरेसा अवधी मिळत नाही, आणि एचबीएवनसीचा आकडा फसवा कमी येतो. उलट लोहाच्या अभावाने होणाऱ्या पंडुरोगात तो फसवा वाढतो. अशा रुग्णांत प्रत्यक्ष साखरेच्या मोजणीवर किंवा दोन-तीन आठवड्यांची सरासरी दाखविणाऱ्या फ्रुक्टोसामीनवर भिस्त ठेवावी लागते. साहजिकच तपासण्यांचे अंतरही आकसते. दुसरी गोष्ट मेटफॉर्मिनची. हे औषध दीर्घकाळ घेणाऱ्यांत बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव संभवते. शाकाहारी घरांत ती आधीच वारंवार आढळते. हिच्यामुळेही पाय बधिर होत असल्याने दोष मधुमेहाच्या माथी मारला जाण्याचा संभव असतो. तेव्हा अधूनमधून ही तपासणीही भेटीच्या कार्यक्रमात असावी.

पुन्हा भाषेकडे वळावयाचे, तर नियमाने जाण्यासाठी मराठीत एक अत्यंत समर्थ शब्द आहे: वारी. वारकरी पंढरपुरास गाऱ्हाणे घेऊन जातोच असे नाही. आषाढी आली म्हणून जातो. तक्रारीवाचून, तिथीनुसार जाणे हाच नियतकालिक तपासणीचाही गाभा होय. परंतु हाच शब्द दवाखान्याच्या संदर्भात अनेकवचनी होताच त्याचा रंग पालटतो. ‘दवाखान्याच्या वाऱ्या’ म्हटले, की ‘हेलपाटे’ आणि ‘खेटे’ यांच्या पंक्तीतील वैताग तेवढा उरतो. शासकीय मराठीतील ‘पाठपुरावा’ हा शब्दही उपयोगी पडत नाही, कारण त्यात कोणीतरी कोणाच्या तरी मागे लागल्याची छटा आहे. त्या मानाने शाळेने घरोघर पोहोचविलेले ‘तिमाही’, ‘सहामाही’ आणि ‘वार्षिक’ हे शब्द अधिक कामाचे आहेत. त्यांत पुनरावृत्ती अंगभूत आहे, आणि तक्रार असो वा नसो, परीक्षा व्हावयाचीच हे त्यांत गृहीत आहे. केसपेपरवर ‘तीन महिन्यांनी दाखवा’ असे लिहिण्याऐवजी ‘सहामाही तपासणी’ किंवा ‘वार्षिक डोळेतपासणी’ असे लिहून पुढे नेमकी तारीख घातली, तर ‘-नी’ प्रत्ययाची संदिग्धता आणि अध्याहृत कर्माचा घोळ दोन्ही एकदमच टळतात. त्यासाठी लागणारी शाई पूर्वीइतकीच.