माळ्यावरची फ्लॉपी

आपल्या मंडळात घरटी एक तरी संगणकवाला सापडतोच, म्हणून ही हकिगत सांगावीशी वाटली. एकाच संगणकात अनेक 'व्हर्च्युअल मशीन' भाडेकरूंसारखी नांदवणारं 'क्यूईएमयू' हे मुक्त सॉफ्टवेअर फाब्रीस बेलार या फ्रेंच गृहस्थांनी २००३ साली आणलं. त्यातल्या फ्लॉपीची नक्कल करणाऱ्या भागात २००४ पासून एक चूक दडून होती. फ्लॉपी कालबाह्य झाली. माळ्यावरच्या अडगळीकडे कोण बघतो? मे २०१५ मध्ये ती 'व्हेनम' नावाने उघडकीस आली. एका भाडेकरूने भिंत फोडून शेजाऱ्याच्या खोलीत शिरावं, अशी ती फट! कोड खुला, म्हणून दुरुस्तीही लगेच सर्वांना मिळाली. पण तो आधीची अकरा वर्षंही खुलाच होता. आम्हाला वाटतं, नुसतं दार उघडं ठेवून भागत नाही; आत डोकावणारंही कुणी लागतं.